जेरुसलेममध्ये ज्यू धर्मविचार शिकायला येताय?

पुण्या-मुंबईतून तत्त्वज्ञान शिकून आलेली मुलं माउंट स्कोपसच्या कॅम्पसवर ‘ज्यू थिऑलॉजी’ची पाटी शोधत फिरतात. हिब्रू युनिव्हर्सिटीत तुम्हाला हवा असलेला विभाग ‘मखशेवेत यिस्राएल’ (ज्यू विचार) या नावाने आहे. तालमूद (रब्बींच्या धर्मचर्चेचा ग्रंथ) आणि बायबल हे विभाग त्याच्या शेजारी, पण वेगळे. अर्ज करण्याआधी तुमच्या विषयाचे प्राध्यापक नक्की कुठल्या विभागात बसतात ते बघा आणि त्यांना थेट मेल टाका. इथे ‘सर-मॅडम’ कोणी करत नाही, पहिल्या नावाने हाक मारतात. जीभ वळायला जरा वेळ लागतो.

दुसरं म्हणजे, ईश्वर आहे का, त्याचे गुण कोणते, अशा प्रश्नांनी पहिल्या दिवशी सुरुवात होईल असं समजू नका. तुमच्यासमोर तालमूदचं एक पान येईल. मधोमध मिश्ना (मूळ नियम) आणि गमारा (त्यांवरची चर्चा), आतल्या बाजूला राशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत (त्याच्या नंतरच्या पंडितांच्या टिपा). ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे हे शाळेपासून माहीत असलेल्यांना ही रीत परकी वाटू नये. उदाहरणार्थ तालमूदमधला बाबा मेत्सिया हा भाग, पान ५९ब. वाद एका भट्टीचा, ती शुद्ध की अशुद्ध. रब्बी एलिएजरच्या बाजूने झाड जागचं हलतं, ओढा उलटा वाहतो, भिंती कलतात, शेवटी आकाशवाणीही होते. तेव्हा रब्बी यहोशुआ उभा राहतो आणि तोरातलंच (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतलं) वाक्य ऐकवतो: ‘ती स्वर्गात नाही.’ ती म्हणजे तोरा. निकाल बहुमताने. साक्षात्कार मोठा की माणसाची बुद्धी, देवाचा शब्द एकदा माणसाच्या हाती आल्यावर अर्थ लावायचा हक्क कोणाचा, हे सगळं त्या भट्टीच्या भांडणात आलं. असं पान एकट्याने वाचायचं नसतं. दोघांनी जोडीने, मोठ्याने, भांडत वाचायचं. त्याला हव्रुता म्हणतात. जोडीदार पहिल्याच आठवड्यात गाठा, आणि शक्यतो तुमच्याशी सहमत न होणारा.

भाषेचं सांगायचं तर उल्पानचे (हिब्रूच्या भाषावर्गांचे) आलेफपासून वावपर्यंत सहा स्तर आहेत. सत्राआधीच्या उन्हाळी उल्पानला येता आलं तर याच. तिथे मात्र बाजारात आणि वर्गात चालणारी हिब्रू शिकवतात. तालमूद आणि झोहारसाठी (कबालाचा, म्हणजे ज्यू गूढवादाचा, मुख्य ग्रंथ) अरामी भाषा लागते. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीजने आपला मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ (‘गाइड ऑफ द परप्लेक्स्ड’) ११९०च्या सुमारास हिब्रू लिपीतल्या अरबीत लिहिला. इब्न तिब्बोनचं हिब्रू भाषांतर १२०४चं. इंग्रजीत १९६३चं श्लोमो पिनेसचं भाषांतर वापरा. ते स्वतः इथेच प्राध्यापक होते. इंग्रजी माध्यम हवंच असेल तर युनिव्हर्सिटीच्याच रोथबर्ग स्कूलचे अभ्यासक्रम बघा, पण माझं मत विचाराल तर हिब्रूशिवाय एम.ए. करून हाती फारसं लागत नाही. कबाला करणाऱ्यांनी नॅशनल लायब्ररीतलं कबालाचे संशोधक गेर्शोम शोलेम यांचं ग्रंथसंग्रहालय आपलं घर समजावं. लायब्ररीची नवी इमारत २०२३मध्ये क्नेसेटसमोर (संसदेसमोर) उघडली.

खरा अभ्यास हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सुरू होतो. रूममेट कोशर (ज्यू आहारनियम, त्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही) पाळणारी असेल तर मांसाची आणि दुधाची भांडी, स्पंज, कधी कधी सिंकसुद्धा वेगळं. डाळ, भात, भाजी, अंडी दोन्हीकडे चालतात, पण पातेलं कोणाचं हे आधी विचारा. बांगडा चालतो, कोळंबी आणि खेकडे नाहीत. (आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मटणात दही नसतं, नारळाचं दूध असतं, ते याच नियमामुळे.) शुक्रवारी दुपारी बस बंद होतात त्या शनिवारी रात्रीपर्यंत, तेव्हा भाजी गुरुवारीच आणा. संध्याकाळी शब्बाथचा (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचा, त्यात दिवे लावायचे-विझवायचे नसतात) भोंगा वाजतो. त्यानंतर बाथरूमचा दिवा चालू दिसला तर वीज वाचवायच्या सवयीने बंद करू नका. तो मुद्दाम ठेवलेला असतो, आणि पुन्हा लावून दे असं ती तुम्हाला सरळ सांगूही शकत नाही. मग रात्रभर सगळेच अंधारात. पेसाखच्या (या सणात फुगलेल्या पिठाचं काही खात नाहीत) आठवड्यात दुकानात पिठाची फळी झाकलेली असते. पोळ्यांची सोय आधी करा.

कागदपत्रं: विद्यार्थ्यांचा व्हिसा ए-२, प्रवेशपत्र हातात आल्यावर मुंबईच्या वकिलातीतून. त्यावर नोकरी करता येत नाही, पैशांचा हिशोब तसा मांडा. आरोग्य विमा युनिव्हर्सिटीमार्फत. आलिया करून (ज्यू म्हणून कायमचं राहायला) येणाऱ्यांचं सगळंच वेगळं. खोली बघताना ममाद (हल्ल्यात आसऱ्याची घरातली मजबूत खोली) किंवा इमारतीतला आसरा कुठे आहे ते विचारायला लाजू नका. सगळेच विचारतात.

प्रबंधाचा विषय ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. इथल्या बहुतेक मार्गदर्शकांना मराठी वाचता येत नाही. पुण्यात १८७४मध्ये छापलेला हिब्रू-मराठी हगादा (पेसाखच्या रात्री वाचायची पोथी), एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेने इस्राएलांनी रचलेली बायबलमधल्या कथांवरची कीर्तनं, एलियाहू हनावीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने होणारा मलिदा हा नैवेद्याचा विधी: देवाची कल्पना मराठीत कशी बसवली गेली याचा हा सारा पुरावा आहे, आणि त्यावर काम करणारे मोजकेच. १९६४चा वादही बघा. बेने इस्राएलांच्या लग्नांवर मुख्य रब्बिनेटने (इस्रायलच्या सरकारमान्य धर्मपीठाने) शंका घेतली, तेव्हा आमच्या लोकांनी याच शहरात धरणं धरलं. वंश, धर्म आणि राज्य यांची त्यात जी गुंतागुंत झाली, ती पाठ्यपुस्तकात सहसा एका परिच्छेदात उरकतात. कागदांसाठी जेरुसलेमच्या रेहाव्या भागातल्या बेन-झ्वी इन्स्टिट्यूटमध्ये आधी कळवून जा. लोकांसाठी दिमोना, अश्दोद, लोद या बेने इस्राएल वस्तीच्या गावांची बस पकडा. तिथल्या आजी-आजोबांना पहिला प्रश्न मराठीतच विचारा, आणि घाईत जाऊ नका, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.