शब्दाचं शेपूट बघा, जोर सापडेल
मराठीच्या सवयीने आपण इंग्रजी शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो आणि ऐकणारा गोंधळतो. इंग्रजीत एका ठिकाणी जोर येतो, बाकीचं दबतं. शब्दाच्या शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी: एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. पॉलिटिक्स मात्र अपवाद, तिथे ‘पॉ’च ठळक.

फोटोग्राफमध्ये जोर ‘फो’वर असतो. फोटोग्राफी म्हणताना तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो, ‘फो’ पार दबतो आणि ऐकू येतं ‘फटॉग्रफी’. हे दोन शब्द टेबलावर टिचकी मारत पाठोपाठ म्हणा. टिचकी फक्त जोराच्या जागी, आणि तो स्वर जरा लांबवा. शंका आलीच तर शब्दकोशातला उच्चार बघा. तिथे जोराच्या भागाआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते.