ध्वनिरचना शिकण्यासाठी पहिला सॉफ्टवेअर सिंथेसायझर कसा निवडावा

सिंथेसायझर, म्हणजे आवाज घडवणारे वाद्य, निवडताना नवशिका बहुधा प्रीसेट किती आहेत ते पाहतो. प्रीसेटमध्ये आवाज तयार मिळतो, परंतु तो का तसा वाजतो हे त्यातून कळत नाही. शिकण्यासाठी असा सिंथ घ्यावा, ज्यात ऑसिलेटर (मूळ तरंग निर्माण करणारा), फिल्टर (त्यातील काही कंप्रता गाळणारा), एन्व्हलप (स्वराबरोबर होणारा चढउतार ठरवणारा) आणि एलएफओ (एखादा नॉब संथ लयीत हलवत ठेवणारा) हे चारही भाग एकाच पडद्यावर दिसतात आणि आवाज कुठून निघून कुठे जातो हे नजरेने तपासता येते.

या कसोटीवर माझी पहिली पसंती व्हायटल. 2020 मध्ये आलेल्या या वेव्हटेबल (साठवलेल्या तरंगाकारांच्या संचांतून आवाज घडवणाऱ्या) सिंथची मोफत आवृत्ती शिकण्यास पूर्ण पुरेशी आहे, कारण सशुल्क आवृत्तीपेक्षा तिच्यात मुख्यतः प्रीसेट आणि वेव्हटेबल कमी मिळतात. एलएफओ ओढून एखाद्या नॉबवर सोडला की तो नॉब किती आणि कसा हलतो आहे हे तिथेच दिसते. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही. संगणक जुना असल्यास व्हायटल जड जाऊ शकतो; अशा वेळी टीएएल-नॉइझमेकर घ्यावा, तोही मोफत आणि बराच हलका आहे. 2018 मध्ये मुक्तस्रोत झालेला सर्ज, म्हणजे आजचा सर्ज एक्सटी, अतिशय समर्थ आहे, परंतु त्यातील पर्यायांच्या गर्दीमुळे तो दुसऱ्या टप्प्यावर घेणे बरे. पैसे मोजून सिंथ घेण्याची घाई पहिल्या वर्षी तरी करू नये.

निवड पक्की करण्यापूर्वी पुढील चाचणी जरूर करावी. प्रीसेटची यादी बाजूला ठेवून इनिट, म्हणजे कोरा पॅच, उघडावा, इफेक्ट बंद ठेवावेत आणि सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या, तरंगावर 110 हर्ट्‌झचा स्वर धरावा. सॉ तरंगात मूळ कंप्रतेच्या सर्व पटी असतात, म्हणजे 220, 330, 440, 550 आणि पुढे. स्क्वेअर, म्हणजे चौकोनी, तरंगात फक्त विषम पटी असतात. आता लो-पास, म्हणजे कटऑफ या मर्यादेच्या वरच्या कंप्रता गाळणाऱ्या, फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे त्या मर्यादेजवळचा उठाव, बराच वाढवून कटऑफ अगदी सावकाश खाली आणावा. आवाज अचानक वाढू शकतो, म्हणून हेडफोनची पातळी आधीच कमी करावी. पटी एकामागून एक उठून ऐकू येतील, आणि जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातला गंधार ज्यांच्या कानात आहे, त्यांना 550 हर्ट्‌झची पाचवी पट चटकन ओळखता येईल. हे ऐकल्यावर फिल्टर नेमके काय करतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर रेझोनन्स उतरवून कटऑफ खाली ठेवावा आणि त्याला एक एन्व्हलप जोडावा: अटॅक (चढण्याचा वेळ) शून्य, डिके (उतरण्याचा वेळ) सुमारे 300 मिलिसेकंद, सस्टेन (स्वर धरलेला असताना टिकणारी पातळी) शून्य. तार छेडल्यासारखा आवाज मिळेल. ही जोडणी माहितीपुस्तिका न उघडता जमली, तर तो सिंथ आपल्यासाठी योग्य आहे. मेनूंमध्ये शोधाशोध करावी लागली, तर दुसरा पाहावा.

निवडलेला सिंथ आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या प्लगिन स्वरूपात मिळतो का, हे पाहून घ्यावे. स्वतंत्रपणे चालणारी आवृत्ती मिळाल्यास सुरुवातीला रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचीही गरज पडत नाही.

दुसरा सिंथ तेव्हाच घ्यावा, जेव्हा हवा असलेला आवाज पहिल्यात का होत नाही हे सांगता येईल. घंटेचा धातुमय नाद हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्यातले उपस्वर पूर्णांकी पटीत नसतात आणि सॉ तरंग गाळून तो मिळत नाही. तिथे एफएम, म्हणजे एका तरंगाने दुसऱ्याची कंप्रता हलवण्याची, पद्धत हवी, आणि त्यासाठी 1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथेसायझरवर बेतलेला डेक्स्ड मोफत उपलब्ध आहे. त्यात सहा ऑपरेटर (तरंग निर्माण करणारे घटक) आणि 32 अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या रचना) आहेत. त्यांतला पाचवा अल्गोरिदम घेऊन पहिले दोनच ऑपरेटर चालू ठेवावेत, पहिल्याचे मूळ स्वराच्या कंप्रतेशी गुणोत्तर 1 आणि दुसऱ्याचे 1.41 करावे, आणि दुसऱ्याची पातळी हळूहळू वाढवत जावी; तसा धातुमय नाद उमटू लागेल.