पार्टीच्या नावातला '&' आणि अडकलेली एक्सएमएल फाईल

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापड दुकानांची पार्टी लिस्ट (ग्राहक-व्यापाऱ्यांच्या नावांची यादी) पाहा, निम्म्या नावांत '&' असतो. एक्सेलच्या यादीवरून एक्सएमएल फाईल (एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात नेण्यासाठीची मजकुराची फाईल) जोडून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ती नेमकी अशा नावावर अडकते. दोष सॉफ्टवेअरचा नसतो; एक्सएमएलमध्ये '&' आणि '<' मजकुरात तसेच्या तसे चालत नाहीत.

१. फाईल बनवण्याआधी यादीची कॉपी घ्या आणि फक्त नाव-पत्त्याचे कॉलम निवडा.
२. कंट्रोल-एच दाबून '&' च्या जागी '&#38;' टाका. हा त्याच चिन्हाचा एक्सएमएलमधला कोड आहे; त्यातले आकडे इंग्रजी कीबोर्डचेच हवेत, मराठी ३८ चालत नाही.
३. मग '<' च्या जागी '&#60;'. चादरीच्या वर्णनात '<60 इंच' असं कुणीतरी लिहिलेलं असतंच.
४. फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा, नाहीतर मराठी नावं बिघडतात.
५. आधी ब्राउझरमध्ये उघडून बघा. चूक राहिली असेल तर ओळीचा नंबर दिसतो.

बरेच जण '&' काढून सरळ 'अँड' लिहितात. ते करू नका. नाव जुन्या खात्याशी जुळत नाही, एकाच पार्टीची दोन खाती होतात आणि मार्चमध्ये जुळवाजुळव करत बसावं लागतं.

जपायचं एवढंच: क्रम उलटा करू नका आणि तीच कॉपी पुन्हा बदलू नका. तसं केलं तर '&#38;' चं '&#38;#38;' होतं आणि बिलावर चिन्हाऐवजी त्याचा कोडच छापून येतो. फाईल प्रोग्रामरकडून करून घेत असाल तर त्याला एक्सएमएलची तयार लायब्ररी (हे बदल आपोआप करणारा तयार कोड) वापरायला सांगा, मग यातलं काहीच हाताने करावं लागत नाही.