पैसे मागायच्या आधीच कळतं: ऑनलाइन ओळखीत या चुका टाळा

माझा मावसभाऊ निपाणीचा. वय छत्तीस, लग्न जमत नव्हतं. विवाहाच्या ॲपवर एक मुलगी भेटली. लंडनला नर्स, मूळची बेळगावची, टिळकवाडीतली. तिसऱ्या दिवशी ती व्हॉट्सॲपवर आली, आठव्या दिवशी ‘तुझ्याशिवाय राहवत नाही’ सुरू झालं. मी म्हटलं, “विचार की तिला, टिळकवाडीत कितव्या गेटजवळ राहते?” उत्तर आलं, “आमच्या बंगल्याला एकच गेट आहे.”

टिळकवाडीत पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमचा भाऊ म्हणाला, “लहानपणीच गेली असेल परदेशात.” खरी चूक हीच. खूण दिसते, पण तिच्यावर पांघरूण आपणच घालतो.

महिन्याभरात पार्सल निघालं: आयफोन, सोनं, पाउंड. मग दिल्लीच्या ‘कस्टम’मधून फोन, पस्तीस हजार भरा. कस्टमवाले कुणाच्या खासगी खात्यावर पैसे भरायला सांगत नाहीत, हे त्याला भरल्यावर कळलं.

वर्दीचा फोटो बघून विरघळणं ही आपल्या भागातली आणखी एक चूक. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असल्यानं फौजी म्हटलं की आपला विश्वास चटकन बसतो. असा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा; बऱ्याचदा तो भलत्याच माणसाचा निघतो. कॅमेरा कायम बिघडलेला, भेट ठरली की ऐनवेळी ड्युटी, हेही तसंच. उलट अनोळखी बाई रात्री स्वतःहून व्हिडिओ कॉल करून कपडे काढायला लागली, तर लगेच कट करा. रेकॉर्डिंग करून धमकावतात. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही.

काहीजण पैसे मागतच नाहीत, ‘गुंतवणूक’ शिकवतात. हजार टाका, बाराशे काढूही देतात. लाख टाकले की काढताना ‘टॅक्स’ मागतात. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरा म्हटलं, की तिथंच थांबायचं. यूपीआयचा पिनही पैसे घेताना लागत नाही.

पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. सीमाभागातला नेहमीचा घोळ म्हणजे खातं कोल्हापूरचं, घर निपाणीचं, मग जायचं कुठं? जवळच्या ठाण्यात. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, घेता येतो.

भावानं मात्र लाजेपोटी सगळं चॅट उडवलं होतं. बँकेचा एक मेसेज तेवढा राहिला होता. त्यातल्या बारा आकडी यूटीआर नंबरावर, म्हणजे व्यवहाराच्या क्रमांकावर, तक्रार उभी राहिली.