एक्स्ट्रुजन डायच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून ॲल्युमिनियम एक्स्ट्रुजनकडे, म्हणजे तापवलेलं ॲल्युमिनियम दाबाने डायच्या (साच्याच्या) तोंडातून बाहेर काढण्याच्या कामाकडे वळलेली मुलं पहिला प्रश्न हमखास डायच्या स्टीलचा विचारतात. खरं तर या धंद्यात त्याचं उत्तर केव्हाच ठरलंय. ६०६३ सारख्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या प्रोफाइलसाठी (डायमधून निघणाऱ्या ठरावीक आकाराच्या लांब पट्टीसाठी) जवळपास सगळीकडे एच१३ हे स्टील चालतं. जर्मन कॅटलॉगात ते १.२३४४ या नावाने भेटेल, जपानीत एसकेडी ६१ म्हणून. कार्बन सुमारे ०.४ टक्के, क्रोमियम ५ टक्के, सोबतीला मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम.

मग कोणीतरी विचारतोच, "सर, डी२ का नको? ते ६० एचआरसीपर्यंत (कडकपणाचं माप) जातं, एच१३ तर ४८ लाच थांबवतात." प्रश्न रास्त आहे. पण बिलेट, म्हणजे ॲल्युमिनियमचा ओंडका, ४५० ते ५०० डिग्रीला प्रेसमध्ये येतं आणि डायसुद्धा ४५० च्या आसपास तापवूनच चढवतात. गार असताना स्टील किती कडक आहे, याला इथे फारशी किंमत नाही. त्या तापात, त्या दाबाखाली कडकपणा किती टिकतो ते बघायचं. डी२ हे थंड कामाचं स्टील, प्रेस टूलच्या पंचाला झकास, इथे तडकतं. एच१३ साधारण १०२० डिग्रीवरून हार्डन करतात आणि ५५० च्या वर दोन-तीनदा टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवतात. टेंपरिंगचं तापमान कामाच्या तापमानापेक्षा वर नसेल, तर डाय प्रेसवरच मऊ पडत जाते. म्हणून हीट ट्रीटमेंटच्या सर्टिफिकेटवर नुसता हार्डनेसचा आकडा बघून फाइल बंद करू नका, खाली टेंपरिंगचे तपशील असतात तेही वाचा.

मटेरियलवर याहून जास्त डोकं खर्चू नका. डाय चालते की नाही ते ठरतं बेअरिंगवर. बेअरिंग म्हणजे डायच्या तोंडाशी असलेली ती जेमतेम काही मिलिमीटरची सरळ पट्टी, जिच्यावर धातू घासत बाहेर पडतो. धातू डायच्या मध्यभागी जोरात पळतो, कडेला मंदावतो. जाड भिंतीतून सहज सुटतो, पातळ भिंतीत अडतो. म्हणून मध्यभागी आणि जाड भागाला बेअरिंग लांब ठेवायची, कडेच्या पातळ भागाला आखूड. ट्रायलला प्रोफाइलचं पहिलं टोक वाकून आलं, तर वाकाच्या बाहेरची बाजू जोरात येतेय असं समजा. करेक्शनवाला मग मंद बाजूची बेअरिंग मागून कमी करून तिला मोकळीक देतो. काढलेलं मटेरियल परत लावणं जिकिरीचं, म्हणून डिझाइनमध्ये बेअरिंग किंचित लांबच ठेवलेली परवडते.

लक्ष देण्याची दुसरी जागा टंगची, म्हणजे प्रोफाइलमध्ये खाच पाडणाऱ्या डायच्या जिभेची. खाचेच्या क्षेत्रफळाला खाचेच्या तोंडाच्या रुंदीच्या वर्गाने भागलं की टंग रेशो मिळतो. ३० मिमी खोल खाचेचं तोंड १० मिमी असेल तर रेशो ३, तेच ५ मिमी केलं की ६. पार्टीला (ग्राहकाला) वाटतं, पाचच मिलिमीटरचा तर फरक आहे! पण बिलेटचा सगळा रेटा त्या जिभेवर येतो आणि ती मुळाशी वाकते किंवा तुटते. हे ड्रॉइंग आलं त्याच दिवशी फोन करून सांगायचं असतं, डाय तुटल्यावर नाही. पोकळ प्रोफाइलच्या पोर्टहोल डायचं गणित आणखी वेगळं; पण भरीव प्रोफाइलची फ्लॅट डाय हातात बसल्याशिवाय त्यात शिरू नये असं माझं मत.

नायट्रायडिंगबद्दल, म्हणजे डायच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक थर तयार करण्याबद्दल, एवढंच. ते ५०० ते ५३० डिग्रीला होतं, म्हणजे टेंपरिंगच्या खाली, त्यामुळे आतला गाभा शाबूत राहतो. थर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. बऱ्याच ठिकाणी ट्रायल आणि करेक्शन आधी उरकतात आणि मगच डाय नायट्रायडिंगला जाते. त्यानंतर फाइल (कानस) मारली की तो थरच निघून जातो, आणि नेमक्या त्याच जागी बेअरिंग झिजते.

आणि कॉस्टिक. डायमध्ये अडकलेलं ॲल्युमिनियम काढायला ती गरम कॉस्टिक सोड्यात बुडवतात. पाणी खदखदू लागतं, हायड्रोजन सुटतो, नाकात झोंबणारी वाफ वर येते. डिझायनरला तिथे कोणी बोलावत नाही. पण फेसशील्ड आणि ग्लोव्हज घालून जा आणि टाकीत जाण्याआधीचं डायचं तोंड बघा. कुठे ॲल्युमिनियम चिकटलंय, कुठल्या कोपऱ्यात ओरखडे आहेत, ते सॉफ्टवेअरच्या सिम्युलेशनपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतं. धुतल्यावर पुरावा गेला.

नोकरी निवडताना पगाराच्या आधी एक चौकशी करा: डाय शॉप आणि प्रेस एकाच आवारात आहेत का? निव्वळ डाय बनवून देणाऱ्या शॉपमध्ये वायरकट, स्पार्क, व्हीएमसी या मशीनवर हात चांगला बसतो, पण तुमची डाय कशी चालली हे कळतं ते पार्टीच्या तक्रारीतून, तेही अर्धवट. प्रेस शेजारीच असेल तर ट्रायलच्या वेळी रनआउट टेबलापाशी, म्हणजे प्रोफाइल बाहेर येतं तिथेच, उभं राहता येतं. सुरुवातीची एक-दोन वर्षं तरी अशी जागा मिळत असेल, तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. शिफ्ट मात्र विचारून घ्या, कारण ट्रायल बहुतेक वेळा प्रॉडक्शनच्या फटीत, रात्रीच लागते.