साल्व्हिनिया मिनिमा की मोलेस्टा? या चुका टाळा

साल्व्हिनिया म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा. मिनिमा आणि मोलेस्टा या त्याच्या दोन जाती, त्यातली मोलेस्टा हे त्रासदायक तण. "पानं लहान आहेत, म्हणजे मिनिमाच ना?" हे इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली मी उलट विचारतो, भिंग लावलंत का? लावलेलं नसतं. उभ्या उभ्या वरून फोटो मारलेला असतो, आणि नाव मात्र लगेच हवं असतं.

आकारावर जाऊ नका. मोकळ्या पाण्यावर नुकती पसरू लागलेली मोलेस्टा छोट्या, चपट्या पानांची असते, थेट मिनिमासारखी. दाटी झाली की नवी पानं मोठी येतात आणि मधल्या शिरेवर दुमडून उभी राहतात. तीन-चार सेंटिमीटरचं दुमडलेलं पान दिसलं तर मिनिमा खुशाल बाद करा. पण लहान पानावरून मोलेस्टा बाद होत नाही.

खरी खूण पानाच्या वरच्या अंगावरच्या केसांत आहे. दोन्ही नेच्यांत एकेका केसाला चार फाटे असतात. मिनिमात ते सुटे, बोटं फाकवल्यासारखे. मोलेस्टात टोकं परत एकत्र येऊन जुळतात आणि अंडं फेटायच्या तारेच्या फेटणीसारखा इवलासा पिंजरा होतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात एका तळ्यातला नमुना मी वर्तमानपत्रात दाबून ठेवला आणि आठवड्यानं निवांत पाहायला घेतला. सगळे फाटे सुटे! ऐटीत 'मिनिमा' अशी चिठ्ठी लावली. वर्षभरानं त्याच तळ्यावर ताजं पान भिंगाखाली धरलं तर पिंजरेच पिंजरे. घरी येऊन तेच पान दाबलं, दोन दिवसांनी पाहिलं: पिंजरे मोडलेले, टोकं सुटी. म्हणजे माझी मिनिमा मीच वजनाखाली तयार केली होती. जुन्या, घासल्या गेलेल्या पानांवरही हेच होतं. तेव्हापासून मी टोकाकडून पानांची दुसरी-तिसरी जोडी घेतो, तीही पाण्यावरच. पान तर्जनीवर वाकवायचं, म्हणजे कडेला केस रांगेत उभे राहतात, आणि मागे काहीतरी काळं धरायचं. मी छत्री धरतो. पान आधी बोटानं पुसून 'स्वच्छ' करणाऱ्यांना मात्र हात जोडतो.

खाली लोंबतात ती मुळं नव्हेत. ते तिसरं पान आहे, चिरफळ्या झालेलं. या वनस्पतीला मुळं नसतातच.

बीजाणूंची वाट पाहू नका. मोलेस्टा संकरित आणि वंध्य आहे. बीजाणुकोशांच्या माळा लागल्या तरी त्यातून रोप येत नाही.

पिंजरा दिसला की लगेच मोलेस्टा लिहून मोकळं होणं ही पुढच्या पायरीवरची चूक. ऑरिक्युलाटा ही साल्व्हिनियाचीच आणखी एक जात, तिच्यात आणि तिच्या जवळच्या जातींतही पिंजरे असतात. मोलेस्टाला स्वतंत्र नाव मिळालं तेच 1972 साली. तोवर ती ऑरिक्युलाटा म्हणूनच ओळखली जायची, म्हणून तिच्या बंदोबस्तासाठी तिला खाणारे किडेही ऑरिक्युलाटावरून गोळा केले गेले. ते सोडले, पण तण काही हटेना. मग आग्नेय ब्राझीलमध्ये मोलेस्टाचं खरं माहेर सापडलं. तिथला भुंगा 1980 साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि त्यानं तलाव मोकळा केला. गंमत म्हणजे तो भुंगाही आधी दुसऱ्याच जातीचा समजला गेला होता. सिर्टोबेगस साल्व्हिनी हे नाव त्याला 1985 साली मिळालं. दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा आणि इवलेसे केस, पण घाई दोन्हीकडे नडली.

जुन्या नमुन्यावर 'ऑरिक्युलाटा' लिहिलेलं दिसलं तर आधी साल बघा, मग विश्वास ठेवा.

आणि पाहून झालेला नमुना परत पाण्यात टाकू नका, 'मिनिमाच तर आहे' म्हणत तर नाहीच. अनुकूल पाण्यात मोलेस्टा दोन-तीन दिवसांत दुप्पट होते, आणि त्यासाठी कोंब असलेला खोडाचा एक तुकडा पुरतो. मी बादली कोरड्या जमिनीवर रिकामी करतो, जाळी झटकतो, आणि निघण्याआधी बुटांचे तळवे उलटे करून पाहतो.