चक्रीवादळ येतंय: वारा सुटण्याआधी कामं कशी संपवायची

निसर्ग वादळ १ जून २०२० च्या पहाटे अरबी समुद्रात ‘डिप्रेशन’ (चक्रीवादळाआधीची कमी दाबाची पायरी) म्हणून नोंदलं गेलं. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. पहिल्या नोंदीपासून जेमतेम ५५ तास. हवामान खात्याचे इशारे कागदावर चार टप्प्यांचे आहेत: ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल. वादळ किनाऱ्याजवळच जन्मलं की पहिले टप्पे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे जिल्हा-तालुका प्रशासनाचा आराखडा ७२ तासांचा असला तरी कामं ४८ तासांत उरकतील अशीच मांडा.

शून्य तास कोणता धरायचा

बहुतेक वेळापत्रकं वादळ किनाऱ्यावर धडकण्याची वेळ शून्य धरतात, आणि तिथेच सगळं काही तासांनी चुकतं. वादळाचा मध्य दुपारी एक वाजता येणार असला, तरी सकाळीच वारा ताशी ५०-६० किमीपर्यंत गेलेला असतो. त्या वाऱ्यात माणसांनी भरलेली एसटी खाडीपुलावर घालता येत नाही, लाइनमनला खांबावर चढवता येत नाही, होडी तर नाहीच नाही. म्हणून हवामान खात्याच्या बुलेटिनमधला वाऱ्याचा तक्ता पाहा. आपल्या तालुक्यात वारा ताशी ५० किमी ओलांडेल ती वेळ शून्य धरा आणि सगळी कामं तिथून उलटी मोजा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० चा वारा १२० झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो.

नकाशावरच्या ठिपक्यामागे धावू नका. २४ तास आधीच्या अंदाजातही मध्याची जागा सरासरी ७०-८० किमी इकडेतिकडे होऊ शकते, आणि अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेतलं अंतर साधारण तेवढंच आहे. ‘वादळ अलिबागला येणार’ असं ऐकून मुरूड, श्रीवर्धन, दापोलीची तयारी सैल सोडणं ही घातक चूक आहे. अंदाजाच्या नकाशावर वादळाची संभाव्य वाट दाखवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पट्ट्यात येणारा प्रत्येक तालुका तयार ठेवा.

आपल्या किनाऱ्याची एक खूण मात्र पक्की आहे. वारे मध्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे वादळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चढतं तेव्हा मध्याच्या दक्षिणेकडे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत लोटतो. उत्तरेकडे तो जमिनीकडून समुद्राकडे असतो. लाटांचा आणि खाडीत घुसणाऱ्या पाण्याचा मोठा धोका दक्षिणेकडच्या गावांना. त्याच्याशेजारी भरतीचं कोष्टक ठेवा. निसर्गच्या वेळी पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. धडकण्याची वेळ भरतीच्या तीन तास अलीकडे-पलीकडे येत असेल, तर खाडीकाठच्या वाड्यांत कुठपर्यंतची माणसं हलवायची ती रेषा एक पायरी वर सरकवा.

नियंत्रण कक्ष

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. राज्यात मुख्य सचिवांची कार्यकारी समिती. वादळात याचा व्यवहारातला अर्थ असा: कोणत्या वाडीतली माणसं कधी हलवायची हे जिल्हा ठरवतो, जे जिल्ह्याकडे नाही ते मिळवून देणं राज्याचं काम. एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), तटरक्षक दल, नौदल, शेजारच्या राज्यांशी बोलणं, रेल्वे, विदर्भ-मराठवाड्यातून महावितरणची पथकं, आगाऊ निधी, हे सगळं मंत्रालयातून. जनतेसाठी राज्याचा क्रमांक १०७०, जिल्ह्याचा १०७७. या फोनवर बसलेल्या माणसाकडे दुसरं काम देऊ नका.

मागणी मोघम गेली की मदतही मोघम येते. ‘एनडीआरएफ हवी’ असं न लिहिता ‘दोन पथकं, एक म्हसळ्याला, एक मुरूडला, उद्या सायंकाळी सहापर्यंत, मुक्काम अमुक शाळेत, सोबत झाडं कापायचं साहित्य’ असं लिहा. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरेला आहे. पथकं घाटातूनच उतरतात आणि पावसात घाटच आधी बंद पडतो. वारा सुटण्याच्या किमान १८ तास आधी ती घाट उतरून खाली पोचलेली हवीत.

बुलेटिन साधारण दर तीन तासांनी येतं. त्यातली वादळाची जागा निरीक्षणाच्या वेळची असते. हाती पडेपर्यंत तास-सव्वा तास उलटलेला असतो, तेवढं वादळ पुढे सरकलं असं धरा. प्रत्येक बुलेटिननंतर १५ मिनिटांची बैठक. प्रश्न तीनच: शून्य तास बदलला का, कोणतं काम मागे पडलं, काय कमी पडतंय. प्रत्येक आदेशावर बुलेटिनचा क्रमांक टाका. व्हॉट्सअॅपवर कालचा नकाशा आज फिरत असतो आणि त्यावरून गावं निर्णय घेतात. क्रमांक असला की जुनं कोणतं ते तलाठ्यालाही कळतं.

बोटी

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे जूनच्या वादळात बहुतेक होड्या वर ओढलेल्या असतात. खरी कसोटी मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, भर हंगामात. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं.

यांत्रिक बोट ताशी सात-आठ सागरी मैल चालते. १०० सागरी मैल बाहेर असलेल्या बोटीला, जाळं ओढायचा वेळ धरून, बंदर गाठायला १५ तास लागतात. समोरून वारा असेल तर जास्तच. म्हणून परतीचा निरोप डिप्रेशनची बातमी येताच द्या, वादळाला नाव पडायची वाट पाहू नका. निरोप तीन वाटांनी: बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, तटरक्षक दलाची विमानं व जहाजं, आणि मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडून थेट तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला). सोसायटीकडून ‘बाहेर किती, आत किती, संपर्क नाही किती’ अशी तीन आकड्यांची यादी दर सहा तासांनी घ्या. ‘सगळ्या आल्या’ हे उत्तर मान्य करू नका. समुद्रात जाताना बोटींना दिलेल्या टोकनच्या नोंदीशी पडताळा. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

देवगड, जयगड या बंदरांत गुजरात, गोवा, कर्नाटकच्या बोटीही आसऱ्याला शिरतात. त्यांची वेगळी नोंद ठेवा आणि खलाशांच्या जेवणाची, झोपण्याची सोय जमिनीवर करा. बोट राखायला म्हणून रात्री कुणालाही बोटीवर राहू देऊ नका. दोर तुटतो आणि बोट दुसऱ्या बोटीवर आदळते तेव्हा आतल्या माणसाला उडी मारायलाही जागा नसते.

बंदरावर लागणाऱ्या इशाऱ्याच्या बावट्यांचा अर्थ पोलीस पाटलांना पाठ हवा: ३ नंबर स्थानिक सावधगिरीचा, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तो लागला की सर्वांत वाईट तेच धरून चाला.

माणसं हलवणं

इथे गणित करा. समजा एका गावात कच्च्या घरांत आणि भरतीरेषेजवळ ६०० माणसं आहेत. एसटीत सामानासह ४०. चढणं, जाणं, उतरणं, परतणं मिळून एक तास. तीन गाड्या असतील तर तासाला १२०, म्हणजे पाच तास. पहिली गाडी भरायलाच एक तास जातो आणि शेवटची पन्नास माणसं ऐन वेळी ‘नाही येत’ म्हणतात, तिथे आणखी एक तास. सात तास. वारा पहाटे सहाला सुटणार असेल, तर पहिली गाडी आदल्या रात्री अकराला निघून चालेल असं हा हिशेब सांगतो. पण अंधारात आजी-आजोबा घराबाहेर पडत नाहीत. गाडी दुपारी दोनलाच लावा.

नकार देणारे हट्टी असतात असं नाही. गोठ्यात गाय असते, घराला कुलूप धड नसतं, गेल्या खेपेला उपाशी ठेवलेलं असतं. गुरांची दावी सोडायला सांगा. बांधलेलं जनावर छप्पर कोसळलं की मरतं, मोकळं असलं की आडोसा शोधतं. रिकाम्या वाडीत पोलिसांची गस्त आहे हे बोलून दाखवा आणि खरंच ठेवा. घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत.

आशाताईंकडून आधी घ्यायची यादी: येत्या पंधरा दिवसांत बाळंतपण असलेल्या बायका, डायलिसिसचे आणि घरी ऑक्सिजनवर असलेले रुग्ण, अंथरुणाला खिळलेले. यांना शाळेत नेऊ नका. ३६ तास आधी थेट जनरेटर असलेल्या रुग्णालयात दाखल करा. नंतर रस्ता मिळत नाही.

निवाऱ्याची शाळा निवडताना वर पाहा. पत्रे किंवा मंगलोरी कौलं असतील तर ती बाद, स्लॅबच हवा. नियमाने माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. ६ बाय ८ मीटरच्या वर्गात त्या हिशेबाने १३-१४ जण बसतात. एका रात्रीसाठी दाटीवाटीने २५ चालतील, ६० नाही. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, ३० माणसांमागे एक शौचालय. आणि शाळेची चावी कुणाकडे आहे ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. सुट्टीत मुख्याध्यापक गावी गेलेले असतात.

रस्ता, वीज, फोन

वादळानंतरचे तीन दिवस ठरतात ते झाडं तोडणाऱ्या टोळ्यांवर. एका टोळीत एक जेसीबी, दोन वुडकटर, प्रत्येकाला दोन जादा चेन, पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण आणि चेन ऑइल, तीस मीटर जाड दोर, कुऱ्हाड-कोयते, आणि महावितरणचा एक लाइनमन. लाइनमन विसरला की टोळी तासन्‌तास उभी राहते: झाडाखाली तार असते आणि ती मेलेली आहे असं छातीठोक सांगणारा कुणी नसतो. टोळ्या तालुक्याच्या गावी एकत्र ठेवू नका. रस्ता जिथे तुटेल त्याच्या दोन्ही बाजूंना आदल्या दिवशीच बसवा. मग दोघं समोरासमोर कापत येतात.

वारा वाढताच वीज फीडरनिहाय (एकेका वीजवाहिनीप्रमाणे) बंद करा आणि वेळ लोकांना आधी सांगा, म्हणजे टाक्या भरून होतात, मोबाइल चार्ज होतात. पाणीयोजनेच्या जनरेटरमध्ये नेहमीची गफलत: १० एचपीच्या पंपाला साडेसात किलोवॉट लागतात म्हणून १० केव्हीएचा जनरेटर आणतात आणि पंप चालूच होत नाही. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते; २० ते २५ केव्हीएचा आणा.

निसर्गनंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. तीच स्थिती येईल असं धरून टॉवरच्या जनरेटरचं डिझेल भरून घ्या, सॅटेलाइट फोन आदल्या दिवशी मोकळ्या आभाळाखाली लावून पाहा (स्लॅबखाली तो लागत नाही), पोलीस बिनतारी यंत्रणेच्या बॅटऱ्या तपासा. शेवटचा उपाय मोटारसायकल: प्रत्येक महसूल मंडळातून एक माणूस ठरल्या वेळी, ठरल्या नाक्यावर, लेखी अहवाल घेऊन.

वादळ डोक्यावर असताना आणि नंतर

मध्य गावावरून गेला तर वारा एकदम पडतो. माणसं बाहेर येतात, पत्रे गोळा करू लागतात. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने सुटतो आणि एका बाजूला कललेली, मुळं सैल झालेली झाडं दुसऱ्या बाजूला कोसळतात. निवाऱ्याच्या दाराशी पोलीस पाटील उभे करा आणि नियंत्रण कक्षाचा निरोप आल्याशिवाय कुणाला सोडू नका.

वारा उतरल्यावर पहिल्या सहा तासांत प्रत्येक गावाकडून चारच गोष्टी विचारा: माणसं, रस्ता, पाणी, दवाखाना. ज्या गावातून काहीच निरोप येत नाही, पहिलं पथक तिथे पाठवा; गप्प गाव हेच बहुधा सर्वांत जास्त मोडलेलं असतं. वीज आधी रुग्णालयाला, मग पाणीयोजनेला, मग टॉवरला, नंतर घरांना.

पंचनामे तिसऱ्या दिवसापासून. नारळ-पोफळीच्या वाड्यांत नुसतं क्षेत्र लिहू नका. कोकणातली वाडी पाच-दहा गुंठ्यांची असते. भरपाईच्या हेक्टरी हिशेबात तिच्या मालकाच्या हाती काहीच पडत नाही. झाडं मोजा: नारळ किती, सुपारी किती, मोडलेली किती, उपटलेली किती, फळावर असलेली किती. फोटो मालक आणि वाडी एकत्र दिसतील असे घ्या, आणि ही मोजणी वाडी साफ होण्याआधी करा. पोट भरायचं असतं, रस्ता करायचा असतो. माणसं आठवड्यात ओंडके विकून टाकतात आणि मग मोजायला काही उरत नाही.